उंटावर जातो

घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, असा निशिगंधाचा नियम होता. तसा तो सगळ्याच मराठी घरांत असतो, पण ती फार कडक होती. मी न्यूझीलंडमध्ये, पुकेकोहेला कांदे-बटाट्यांच्या पॅकिंग शेडमध्ये मशीन मेंटेनन्सला आहे. पहाटेची शिफ्ट असली की बूट घालताना झोपेत तोंडातून "चल, जातो" निघायचं. ती पांघरुणातूनच म्हणायची, "जातो नाही, येतो म्हणा." मी "येतो" म्हणायचो. ती "या" म्हणायची आणि पुन्हा झोपायची.

आमची मुलगी ऋचा इथेच जन्मली. तिला मराठी बरंचसं समजतं, पण उत्तर ती इंग्लिशमध्ये देते. हा नियम मात्र तिच्या इतका अंगात मुरला की पापाकुराच्या शाळेत पहिल्या वर्षी ती घरी निघताना बाईंना "कमिंग, मिस" म्हणायची आणि चालू पडायची. बाईंनी आम्हाला बोलावून विचारलं होतं, हिचा कम आणि गोमध्ये गोंधळ होतो का? निशिगंधाने त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी बाईच आम्हाला निरोप देताना "कमिंग" म्हणाल्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये निशिगंधा गेली. कॅन्सर होता, उशिरा कळला. त्यानंतर मी घरातून निघताना काहीच म्हणेनासा झालो. रिकाम्या घराला "येतो" म्हणायला जीभ वळत नव्हती.

ऋचा हॅमिल्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. आई गेल्यापासून ती रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक फोन करते. विचारते एकच, डिड यू ईट? मग दर दोन-चार दिवसांनी, हॅमिल्टनला माझ्याकडे राहायला ये. मी म्हणायचो, माझी नोकरी आहे, घर आहे, मला काय झालंय? एकदा वैतागून तिला म्हटलं, "तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस." तिला म्हण कळली नाही. "व्हॉट गोट्स?" म्हणाली. शेवटी आमचं असं ठरलं की मी पापाकुरातच राहायचं, पण लांब कुठे जाणार असलो तर निघताना मेसेज करायचा. आणि माझ्या फोनमध्ये तिने ते लोकेशन का काय ते चालू करून ठेवलं. मला वाटायचं, पोरगी उगाच राखण करतेय. ती कशाची राखण करत होती ते मला कळलं नव्हतं.

उंटाचं सांगायला हवं. चंद्रशेखर नावाचा माझा पुण्याचा मित्र वेलिंग्टनला असतो. वर्षातून एकदा आम्ही गाडीने त्याच्याकडे जायचो. मध्ये डेझर्ट रोड लागतो. ज्वालामुखीच्या राखेचं आणि खडीचं वाळवंट, त्यात पिवळ्या गवताचे झुबके, आणि बाजूला मोठे डोंगर. पाऊसही पडतो तिथे, चांगला पडतो, तरी काही उगवत नाही. निशिगंधा म्हणायची, "पाऊस पडणारं वाळवंट. या देशात काही म्हणून सरळ नाही." त्या रस्त्यावरून एक डोंगर दिसतो, मोठ्या डोंगरांच्या मानाने लहान, दोन कुबडं असलेला. तो दिसला की ती माझ्या मांडीवर थाप मारायची. "अहो, उंट आला. वाळवंट आहे म्हटल्यावर उंट नको का?" त्याचं खरं नाव दुसरंच आहे, पण आमच्या घरात तो उंट. "एकदा उंटावर बसायचंय," असं ती दरवर्षी म्हणायची. कधी पाऊस असायचा, कधी चंद्रशेखरची बायको मृणालिनी जेवायला थांबलेली असायची, नंतर हिचे गुडघे. पुढच्या वेळी, असं म्हणत आम्ही बरीच वर्षं उंटाच्या पायथ्याने गेलो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी डेझर्ट रोडकडे हवा स्वच्छ राहणार होती. आदल्या रात्री बातम्यांत ते ऐकलं आणि मनात आलं, जाऊन येऊ. का, ते सांगता येणार नाही. पहाटे पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली. मला तीच एक बरी जमते. डबा भरला आणि निघालो.

मेन रोडवरून एक कच्चा फाटा उंटाच्या पायथ्याशी जातो. तिथे चार गाड्या मावतील एवढी जागा आहे आणि एक पाटी आहे. पाटीवर लिहिलं होतं की मोठ्या डोंगरांची शिखरं इथल्या माओरी लोकांना पूर्वजांच्या डोक्यासारखी आहेत, त्यावर पाय ठेवू नका. या छोट्या डोंगराची वाट सगळ्यांना खुली आहे. निशिगंधाला हे पटलं असतं. वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर पाय कोण ठेवतं?

माझी एकट्याचीच गाडी होती. जॅकेटच्या खिशाची चेन बिघडलेली. असल्या गोष्टी ती बघायची, आणि मी मशिनं दुरुस्त करत असलो तरी त्या चेनला वर्षभर हात लावला नव्हता. वर घसरलो तर किल्ली खडीत पडायची. म्हणून ती मागच्या टायरवर ठेवली. पाय मुरगळला तर गाडी दुसऱ्या कोणाला नेता यावी, हाही विचार होता. पहाटे ऋचा झोपेत असेल म्हणून मेसेज केला नव्हता, तो ठरल्याप्रमाणे करायला आता फोन काढला.

मला बोटाने टाइप करायला फार वेळ लागतो, म्हणून मी फोनला सांगतो आणि तो लिहितो. मराठीत. निशिगंधाने ऋचाला दर रविवारी समोर बसवून बाराखडी शिकवली होती. ती अक्षर अक्षर लावत का होईना, वाचते. आईचा आग्रह होता, घरातले मेसेज मराठीतच. तो मी पाळतो.

वारा सुटला होता. फोन तोंडाजवळ धरून मी म्हटलं, "उंटावर जातो. किल्ली मागच्या टायरवर ठेवली आहे. काळजी करू नकोस." चष्मा बॅगेत होता. रेंजची एकच काडी होती. मेसेज गेल्याचा आवाज आला आणि मी चालायला लागलो.

चढ अवघड नव्हता, चिवट होता. सुरुवातीला गवत आणि वाळू, मग नुसती सुटी खडी, काळी आणि मध्येच गंजल्यासारखी लाल. पाय टाकला की अर्धा पाय मागे. वाट दाखवायला खांब रोवलेले आहेत. मी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायचो आणि थांबायचो. थांबलो की वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. घरातही तसंच असतं, पण घरातली शांतता अंगावर येते. ही नव्हती येत.

पहिलं कुबड चढल्यावर वाटलं, संपलं. मग दिसलं की पुढे खोलगट आहे आणि दुसरं कुबड जास्त उंच आहे. खालून रस्त्यावरून दोन्ही सारखी दिसतात. निशिगंधा असती तर इथे बसून म्हणाली असती, "हेच उंटाचं शेवटचं कुबड, मी काही पुढे येत नाही, तुम्ही जाऊन या." आणि मी वरून हात केला असता. हे इतकं स्पष्ट डोळ्यांसमोर आलं की मी खरंच मागे वळून बघितलं. मग पुढे निघालो.

वर दगडांचा एक ढीग आहे आणि एक जाड खांब. त्याला टेकून बसलो. समोर रुआपेहू डोंगरावरचं बर्फ, खाली सगळं तपकिरी वाळवंट, आणि मधून रस्ता. रस्त्यावर एक ट्रक चालला होता. आमची गाडी दरवर्षी इथून अशीच दिसली असेल.

मला वाटलं होतं, वर आल्यावर रडू येईल. गेले वर्षभर मी त्या रडण्याची वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल. ते आलं नाही. भूक लागली. सपाटून भूक. साधी, चालून आलेल्या माणसाची. मी मोठ्याने म्हटलं, "बसलो बाई उंटावर." आणि डबा उघडला.

दुसरा घास घेतला आणि बॅगेतून फोन घरघरायला लागला. थांबेचना. वर रेंज चांगली होती. सगळं साठलेलं एकदम येत होतं. ऋचाचे मिस्ड कॉल, ऋचाचे मेसेज, एका अनोळखी नंबराचे कॉल. तिचे सगळे मेसेज इंग्लिशमध्ये. डॅड पिक अप. डॅड प्लीज. डॅड डोन्ट. शेवटच्या मेसेजमध्ये नुसतं डॅड.

मी चष्मा शोधून लावला आणि मागे जाऊन माझा स्वतःचा मेसेज वाचला.

"आता वर जातो. किल्ली मागच्या टायरवर ठेवली आहे. काळजी करू नकोस."

उंटावर नाही. आता वर.

हातातला घास डब्यात ठेवला आणि फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"बाबा?"

"हो गं, मी."

पलीकडून गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ती गाडी कडेला घेत होती.

"बाबा, तू कुठे आहेस?" तिने मराठीत विचारलं.

"उंटावर."

"काय?"

"आईचा उंट नाही का, डेझर्ट रोडचा? त्याच्यावर बसलोय. डबा खातोय."

"डबा." ती थांबली. "यू आर हॅविंग लंच."

"बटाट्याची भाजी आहे."

मग ती रडली. मी कान लावून ऐकत राहिलो. आईच्या वेळी ती माझ्यासमोर रडली नव्हती. सगळी धावपळ तिनेच केली, फोन, कागद, पाहुणे. मला वाटलं होतं, इथली मुलं कणखर असतात.

"अगं, फोनने चुकीचं लिहिलं," मी म्हटलं. "मी उंटावर म्हणालो. त्याने आता वर लिहिलं. वारा होता. चष्मा नव्हता."

"आणि किल्ली? हू लीव्ज द की ऑन द टायर, बाबा? हू डझ दॅट?"

"चेन बिघडलीय जॅकेटची."

"चेन बिघडलीय," ती म्हणाली, आणि मग एकदम चिडून, तिच्या मोडक्या मराठीत, "मी चार वर्षांची होती. तू मला सांगितला, साताऱ्याची आजी वर गेली. मला एकच वर माहितीये. दुसरा वर मला कोणी शिकवलाच नाही."

वर म्हणजे माडीवरही असतं, झाडावरही असतं, पण आमच्या पापाकुराच्या घराला माडी नव्हती आणि तिच्या मराठीला तो एकच शब्द त्या एकाच दिवशी मिळाला होता.

"आणि तू जातो लिहिलास," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "आय रेड इट थ्री टाइम्स. मला वाटला, वाचायला चुकते मी. जातो. तू कधी जातो नाही म्हणत. आई म्हणूच देत नाही."

ही मात्र फोनची चूक नव्हती. तेवढं मीच म्हटलं होतं.

"ऋचा," मी म्हटलं, "मी आता डबा संपवतो आणि खाली येतो. ऐकलंस? येतो."

ती मला अरेतुरे करते. पण त्या वेळी म्हणाली, "या." आईसारखं, आवाज थोडा खाली ठेवून. मग नाक ओढून म्हणाली, "पोलीस आहे वाटेत. आय कॉल्ड देम, लोकेशन दिला. बी नाइस."

पोलीस मला दोन कुबडांच्या मधल्या खोलगटात भेटला. चांगला आडवातिडवा माओरी माणूस, घामाघूम झालेला. मला बघून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"किया ओरा. तू मोरेश्वर?"

"हो."

"मुलीशी बोललास?"

"बोललो. फोनची चूक झाली."

"तिने आम्हाला परत कळवलंय. म्हणून तर हेलिकॉप्टर सुटलं नाही." त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला सरळ सांग, मातुआ. खरंच ठीक आहेस ना?" मातुआ म्हणजे आपल्याकडे काका म्हणतात तसं.

मी म्हटलं, ठीक आहे. त्याचं समाधान झालं नसावं, कारण तो हलला नाही. मग मी त्याला निशिगंधाचं सांगितलं, उंटाचं सांगितलं. त्याने वळून दोन्ही कुबडांकडे नीट पाहिलं.

"मी इथेच वाढलो," तो म्हणाला. "हा मला कधी उंट वाटला नाही. आता दुसरं काही वाटणार नाही. माझा डोंगर बिघडवलास तू."

त्याचं नाव हेमी. उरलेली पोळी-भाजी मी त्याला दिली. त्याने उभ्याउभ्याच खाल्ली. "स्वीट अ‍ॅज," म्हणाला, म्हणजे झकास. "बटाटे पुकेकोहेचे?" मी म्हटलं, अर्थात. मग उतरताना आम्ही सगळा वेळ बटाट्यांवर बोललो. कोणत्या मातीतला बटाटा उकडायला चांगला आणि कोणता तळायला, यावर त्याची मतं पक्की होती.

खाली पोचलो तेव्हा ऋचाची गाडी माझ्या गाडीच्या मागे आडवी लावलेली होती, मी पळून जाणार असल्यासारखी. ती बोनेटवर बसली होती. घरातल्या पायजम्यावर आणि जँडल्सवर, म्हणजे साध्या स्लिपरांवर, तशीच निघून आली होती. इकडच्या एप्रिलच्या थंडीत, त्या वाऱ्यात. मला बघून उतरली, चालत आली, आणि माझ्या जॅकेटचा बिघडलेला खिसा पकडून उभी राहिली.

हेमीने रेडिओवर कोणाला तरी सांगितलं, मग आमच्याकडे बघून, "पुढच्या वेळी इंग्लिशमध्ये लिही, मातुआ," असं म्हणून निघून गेला.

"नाही," ऋचा म्हणाली, तो गेल्यावर. "मराठीतच लिही. पण चष्मा लावून."

आम्ही तिच्या गाडीत हीटर लावून बसलो. माझ्या थर्मासमध्ये चहा होता, तो झाकणातून आळीपाळीने प्यायलो. चहा संपल्यावर तिने समोर बघत विचारलं, "बाबा, एकदा सांग. कधी मनात आला होता का? तसं?"

तिने वर्षभर फोनवर रोज दोनदा जे विचारलं होतं, ते हे होतं. जेवलास का, असं नव्हतं विचारलं तिने.

मी खरं सांगितलं. म्हटलं, "जिवाचं काही करावं असं नाही आलं. पण सुरुवातीला रात्री झोपताना वाटायचं, सकाळी उठलोच नाही तर बरं. बरेच दिवस वाटायचं."

"आणि आता?"

"कधी थांबलं ते कळलं नाही. आज वर बसलो आणि खूप भूक लागली, तेव्हा लक्षात आलं की ते थांबलंय."

तिने मान हलवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तशीच बसली. मला वाटलं पुन्हा रडते की काय. पण ती हसत होती. खांदे हलत होते.

"काय झालं?"

"द पोलिसमन अस्क्ड मी, व्हॉट डझ द मेसेज से? मी म्हटला, इट सेज, नाऊ आय गो अप. तो म्हणाला, अप व्हेअर? आय सेड, जस्ट अप." तिने डोळे पुसले. "तो म्हणाला, लेडी, इट्स अ माउंटन. ही माइट जस्ट मीन अप."

मीही हसलो. वर्षभरात एवढं हसलो नव्हतो. पोट दुखलं, आणि आधीच पाय दुखत होते.

हॅमिल्टनला राहायला ये, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही. मला वाटतं, आता पुन्हा म्हणणार नाही. तिला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. तिने किल्ली टायरवरून काढून माझ्या हातात दिली. जॅकेट मागितलं. चेन बसवून पुढच्या आठवड्यात आणते म्हणाली. मी म्हटलं, तुला येते का बसवायला? "यूट्यूब," ती म्हणाली.

मग ती गाडीत बसली, काच खाली केली. "येते," म्हणाली.

"ये," मी म्हटलं.

हॅमिल्टनपर्यंत ती माझ्या पुढे होती. तिच्या फाट्याला दोनदा हॉर्न वाजवून ती वळली. पापाकुराला पोचेपर्यंत अंधार पडला होता. दार उघडलं, दिवा लावला, भाजीची कढई सकाळपासून ओट्यावर तशीच होती, ती भिजत घातली. मग फोन काढून त्याला सांगितलं, "घरी आलो."

या वेळी चष्मा लावला आणि वाचलं. फोनने लिहिलं होतं, "घरी आलू."

या फोनला मराठी बेताचीच येते, मध्येच हिंदीत घुसतो. मी एकटाच ओट्यापाशी उभा राहून हसलो. खोडायला बोट नेलं होतं, पण तसंच पाठवलं. त्यामागून एकेक अक्षर बोटाने शोधून दुसरा मेसेज पाठवला, "घरी आलो. सुखरूप."

थोड्या वेळाने उत्तर आलं. ऋचाने आजवर मला देवनागरीत काही लिहिलं नव्हतं. लिहायला तिला बराच वेळ लागला असणार.

"आलू नाही, बटाटा म्हणा."